निळ्या तोंडाची वायर

…आणि मधल्या रांगेतली एक पिन वाकलेली होती. अगदी किंचित. बाकीच्या सगळ्या ताठ, कवायतीला उभ्या केल्यासारख्या, आणि ही एकच शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून पेंगणारी. त्यानं वायरीचं ते निळं तोंड खिडकीतल्या उजेडात धरलं, एक डोळा मिटला आणि सवयीनं मनातल्या मनात निकाल देऊन टाकला – वापरताना वाकलेली नाही. दुकानातूनच वाकडी आलेली आहे. नुकसान जुनं. दावा नामंजूर.

अर्धं आयुष्य तो हेच करत आला होता. विमा कंपनीचा सर्वेक्षक. जळलेलं गोदाम, चेपलेली गाडी, पाणी शिरलेलं कापडाचं दुकान – तिथं जायचं, वाकून बघायचं, बोटानं काजळी खरवडायची, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचं रडगाणं एका कानानं ऐकायचं. माणूस सांगतो तेवढं नुकसान झालेलं नसतं, हा धंद्याचा पहिला धडा. खरं झालेलं असतं ते तो सांगत नाही, हा दुसरा. हे दोन धडे पाठ असले की जगात फारसं काही शिकायचं उरत नाही असं त्याचं मत होतं, आणि मतं त्याच्याकडे पुष्कळ होती.

"तू विचारलं होतंस का त्या दुकानदाराला?" बायको दारात उभी होती. हातात बाबांचा धुतलेला पट्टा – मनगटाला बांधायचा.

"विचारायचं काय त्यात? दोन टोकं आहेत. एक इकडे घालायचं, एक तिकडे."

"मग चालत का नाही?"

एक टोक जुन्या लॅपटॉपच्या कुशीत घातलं होतं, दुसरं टीव्हीच्या पाठीत, आणि टीव्ही आठवडाभर काळ्या पाटीवर एकच वाक्य दाखवत होता – सिग्नल नाही. किती उर्मट वाक्य! ना कर्ता, ना कारण. सरकारी खिडकीतल्या माणसासारखं.

आतल्या खोलीत बाबा खुर्चीत बसवलेले होते. झटका आला त्याला ऋतू उलटून गेला होता; उजवा हात गेला, उजवा पाय गेला, दोन्ही डोळ्यांतली उजवीकडची बाजू गेली – म्हणजे उजवीकडे उभा असलेला माणूस त्यांच्या लेखी तिथं नसतोच – आणि वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. वाचा शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा यायची. तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी त्याच्या अंगावर काटा यायचा. लहान मुलांशी बोलावं तसं ती सगळ्यांशी बोलायची, वाक्याच्या शेवटी स्वर वर न्यायची, टाळ्या वाजवायची. "आजोबाऽ, आज आपण काय करणाऽर?" आजोबा! ज्या माणसानं भल्याभल्यांना भर हॉलमध्ये घाम फोडला, त्याला ही म्हणत होती – शाब्बास!

पण बायकोनं तिचा शब्द झेलला होता. बाईनं एक प्रोग्राम दिला होता, फक्त कॉम्प्युटरवर चालणारा. त्यात एक मोठा चेहरा असतो, तो एकेक अक्षर उच्चारतो, बटण दाबलं की सावकाश उच्चारतो, पुन्हा उच्चारतो. "मोबाइलवर नको, लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर नको," बाई म्हणाली होती. "समोरचं तोंड तोंडाएवढं तरी दिसायला हवं ना? टीव्हीला जोडा. आणि लवकर हं. सुरुवातीच्या महिन्यांत जे परत येतं, ते येतं." हे शेवटचं वाक्य मात्र तिनं टाळी न वाजवता म्हटलं होतं.

"त्या उद्या येणार," बायको म्हणाली. "दोन वेळा सांगितलं, वायर मिळाली नाही. आता तिसऱ्यांदा काय सांगू? साधी वायर आहे. चांगल्या दुकानात जा, मागतील ते दे, आण."

"मागतील ते द्यायला मी काय आंधळा आहे? वीतभर तार आणि दोन प्लास्टिकची बोंडं, त्यांना जोड्याच्या किमतीत विकतात. लूट आहे ती."

ती पट्टा पिळत राहिली. तो वाळलेला होता तरी. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारू? खरं सांग. ते बोलायला हवेत ना तुला?"

"काय येड्यासारखं विचारतेस!" तो हसला. हसणं जरा मोठंच झालं. त्यानं ती वायर गुंडाळून खिशात कोंबली, बुटात पाय घातले, आणि नाडी बांधताना त्याच्या लक्षात आलं की बायको अजून दारातच उभी आहे, उत्तराची वाट बघत.

कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे भिंतीत ठोकलेलं एक कपाट, आणि कपाटात बसवलेला एक माणूस. मोबाइलची कव्हरं माळेसारखी लोंबत होती – वाघाचे डोळे, फुलपाखरं, 'आईचा आशीर्वाद'. त्या माणसाचं त्यानं मनात नाव ठेवलं होतं: पोपट. पिंजऱ्यात असतो आणि शिकवलेलं बोलतो.

"ही तुम्ही दिलेली. चालत नाही."

पोपटानं वायर हातात घेतली, दोन्ही टोकं हुंगल्यासारखी पाहिली. "साहेब, ही उलटी आहे."

"उलटी म्हणजे?"

"म्हणजे तिकडून इकडे येते. इकडून तिकडे जात नाही."

"वायरीला कळतं, कुठून कुठे ते?"

"ते आता… कंपनीला माहीत."

"मग विकलीत का?"

"तुम्ही मागितलीत ना. म्हणालात, निळं तोंड एकीकडे, चपटं एकीकडे. दिली."

यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून त्याला जास्तच राग आला. पोपट म्हणाला, निळं तोंड आता कोण वापरतं साहेब, नवीन लॅपटॉपच घेऊन टाका, माझ्या भावाचं दुकान आहे. त्यानं वायर परत खिशात टाकली आणि एक शब्द न बोलता वळला. न बोलता वळणं ही त्याची जुनी कला होती. समोरच्याला वाटावं की आपल्यावर वाक्य खर्च करण्याची सुद्धा याची इच्छा नाही. ती कोणाकडून उचलली, हा विचार दोन पावलं त्याच्याबरोबर चालला आणि मागे पडला.

मोठ्या दुकानात आत शिरताच थंड वारा तोंडावर आला आणि भिंतभर लावलेल्या टीव्हींवर एकाच वेळी एकच मासा पोहत गेला. कोणालाही नको असलेला, नको इतका स्पष्ट मासा. इस्त्रीच्या टी-शर्टमधला एक तरुण पुढे आला. दात असे की ते सुद्धा दुकानाच्या मालातलेच असावेत. चकचकीत, त्यानं नाव ठेवलं.

"बोला सर! आज आपण काय अनुभवणार?"

"अनुभवायचं काही नाही. ही अशी टोकं आहेत. हे त्याला जोडायचंय."

"ओऽ, व्हीजीए!" चकचकीत कौतुकानं म्हणाला, एखाद्याच्या घरी नव्वदीची आत्या अजून हिंडतीफिरती आहे असं कळल्यावर म्हणावं तसं. "सर, खरं सांगू का, वायरचा जमाना गेला. आमच्याकडे एक बॉक्स आहे—"

"जमाना राहू द्या. वायर दाखवा."

मग काचेच्या कपाटातून, मखमलीवर ठेवलेली एक वायर आली. टोकं सोनेरी. वर गोफ विणावा तशी दोऱ्याची वीण. ही घालायला लग्नात हरकत नाही, त्याला वाटलं.

"सोन्याचा मुलामा आहे सर. यानं चित्राला खोली येते."

"खोली आमच्या घरात आहे," तो म्हणाला. "चित्र तेवढं आणायचंय."

चकचकीत हसला, पण ते हसणं अर्धा क्षण उशिरा आलं, म्हणजे विनोद कळला नव्हता, नुसतं हसायचं असतं एवढं कळलं होतं. किंमत ऐकून त्यानं ती वायर मखमलीवर परत ठेवली, मेलेला उंदीर शेपटीनं उचलून ठेवावा तशी. चकचकीत मागून म्हणत होता, सर, हप्त्यांवरही मिळेल… वायर, हप्त्यांवर! माणसं कशाकशाला तयार असतात.

बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर तो टेकला. काही नाही, पाय दुखत होते. हे उघड होतं की तो सोनेरी शेपूट घेऊन घरी जाऊ शकला असता, बायको म्हणाली होती तसं, आणि आतापर्यंत ते मोठं तोंड बाबांसमोर आ वासून उभं असतं. परवडत नव्हतं असंही नाही. मग? तत्त्व आहे. फसायचं नाही हे तत्त्व. – मी फसत नाही. एवढं एक मी आयुष्यात सांभाळलं. – खरं सांग, ते बोलायला हवेत ना तुला? – बायका काय वाट्टेल ते विचारतात. कोणता मुलगा म्हणेल की नको?

बाबा लिलाव पुकारायचे. गावात एक हॉल होता, उंच छताचा. मोडलेल्या संसारांच्या वस्तू तिथं यायच्या. कुणी मेलं, कुणी बुडालं, कुणी देश सोडला, की कपाटं, पलंग, आरसे, शिलाईची यंत्रं गाडीवर लादून हॉलमध्ये, आणि बाबा एका उंच लाकडी मंचावर, हातात छोटा हातोडा. काय आवाज होता तो! ओरडत नसत. नुसते बोलत, आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या माणसाला वाटे की आपल्याच कानाशी बोलतायत. मोडक्या खुर्चीचं असं वर्णन करीत की ती घेतली नाही तर जन्मभर उभं राहावं लागेल असं वाटावं. आणि कुणी फार कमी बोली लावली तर… एकदा एका सुरकुतल्या कोटातल्या माणसानं भिंतीवरच्या घड्याळाला अगदीच क्षुल्लक बोली लावली होती. बाबांनी हातोडा खाली ठेवला. सगळा हॉल गप्प झाला. "साहेब," बाबा म्हणाले, फार अदबीनं, "मी घड्याळ विकतोय. तुम्हाला वेळच विचारायची असेल, तर बाहेर चौकात दिसते. फुकट." हॉल कोसळला हसण्यानं. तो माणूस सुद्धा हसला; मान खाली घालून, टोपी दोन्ही हातांत फिरवत, पुष्कळ वेळ हसत राहिला, आणि मग कधीतरी दिसेनासा झाला. तो स्वतः पहिल्या बाकावर बसला होता, पाय जमिनीला न पोचणारे, आणि छाती फुगून आली होती – हा माझा बाप!

मग घरी. घरी तो आवाज नसे. हॉलला कुलूप लावताना तो आतच राहत असावा. आई विचारी, आज काय काय गेलं? – बाबा हात हलवत. ताट बाजूला सारत. सुट्टीच्या दिवशी आरामखुर्चीत डोळे मिटून पडत, आणि बोलायचंच झालं तर एक शब्द – पाणी. दिवा. दार. गावातली निम्मी माणसं सांगू शकली असती की बाबा कसे बोलतात. त्यांच्या घरातल्या दोघांना तेवढं माहीत नव्हतं. म्हणूनच वाचेच्या बाईनं पहिल्याच भेटीत विचारलं, "आजोबा आधी खूप बोलायचे काऽ?" तेव्हा तो गोंधळला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "धंद्यापुरतं."

एकच वाक्य त्यानं त्यांच्याकडून आख्खं मिळवलं होतं. नोकरी लागली त्या दिवशी. बाबांनी नेमणुकीचा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे तू मोडक्याची किंमत करणार." आणि चष्मा परत लावला. त्यात प्रश्न नव्हता, शाबासकी नव्हती, शिवी सुद्धा नव्हती. ते वाक्य त्यानं किती वर्षं उलटंपालटं करून पाहिलं होतं, काजळी खरवडून. खाली काय आहे ते काही दिसलं नाही.

आणि आता ही बाई टाळ्या वाजवून, आपण हे असं वणवण फिरून, कशासाठी? ते 'पाणी, दिवा, दार' परत आणण्यासाठी?

तळघरातला बाजार पादचारी पुलाच्या पायथ्याशी होता. पायऱ्या उतरल्या की आधी वास – तापलेलं प्लास्टिक, ओल, माणसं. दोन्ही बाजूंना गाळे, मध्ये खांद्याला खांदा. मृत यंत्रांची आतडी काढून विकायला ठेवावीत तसा सगळा देखावा. शेवटच्या गाळ्यात एक लठ्ठ माणूस स्टुलावर बसला होता, आणि त्याच्यासमोर टोपल्या. टोपल्यांत वायरी, काळ्या, करड्या, पांढऱ्या, एकमेकींच्या गळ्यात गळे घातलेल्या. गिऱ्हाइकं वाकून उपसत होती. गुंताशेठ, त्यानं लगेच नाव ठेवलं, आणि त्या नावावर तो खूश झाला.

"निळ्याचं चपटं करायचंय," तो म्हणाला. "टीव्हीला. आणि सुलट हवं, उलटं नको. गॅरंटी काय?"

"वायरीची गॅरंटी नसते हो," गुंताशेठ टोपलीत हात घालून म्हणाला. एक वायर ओढली, तिच्याबरोबर पाच आल्या. त्या झटकल्या, तर टोपलीच सरकली. मागची माणसं थांबली होती. शेठ घामाघूम होऊन एक गाठ सोडवत होता, सुटत नव्हती.

आणि मग ते आपोआप त्याच्या तोंडून गेलं. न ओरडता, फार अदबीनं, नुसतं बोलून – "शेठ, मी थांबतो, घाई नाही. फक्त एवढं सांगा, हे विकताय, का विणताय? विणत असाल तर माझं माप घ्या."

गाळ्यासमोरची सगळी माणसं हसली. पलीकडच्या गाळ्यातला माणूस सुद्धा मान बाहेर काढून हसला. कुणीतरी मागून म्हणालं, "अर्ध्या बाह्यांचा विणा!" आणि पुन्हा हशा. त्याच्या अंगातून एक ऊबदार लाट गेली, पोटापासून कानांपर्यंत. काय सुरेख पडलं होतं वाक्य! विराम जिथं हवा तिथं. 'शेठ'नंतरचा तो छोटा थांबा… तो थांबा त्यानं ओळखला. ओळखला, आणि लाट होती तिथंच थिजली. हा थांबा माझा नाही. 'साहेब' – आणि मग थांबा – 'मी घड्याळ विकतोय.' झटक्यानं तिकडे खुर्चीत बसवलेल्या माणसाची वाचा नेली, ती गेली कुठे… छट्. काहीतरीच. त्यानं घसा खाकरला.

गुंताशेठ हसला नव्हता, रागावलाही नव्हता. गाठ तशीच टोपलीत टाकून त्यानं स्टुलाखालून एक खोका ओढला आणि त्यातून काडेपेटीएवढी पांढरी डबी काढली. एका अंगाला पिनांचं निळं तोंड, दुसऱ्या अंगाला चपट्याचं भोक, आणि बाजूला एक आखूड शेपूट.

"हे घ्या. शेपूट लॅपटॉपला लावायचं, त्याला वीज लागते. चपटी वायर ही वेगळी. चित्र येणार."

"नक्की?"

"चित्र येणार म्हटलं ना." आणि आता मात्र तो हसला. छान हसला, सगळं तोंड भरून.

किंमत ऐकून त्यानं नेहमीप्रमाणे निम्मी सांगितली. गुंताशेठनं घासाघीस न करता मान डोलावली. हे जरा विचित्र होतं. पण जिन्याच्या पायऱ्या चढताना त्याला जिंकल्यासारखं वाटत होतं, त्यामुळे विचित्रपणाकडे त्यानं काणाडोळा केला.

घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. बायकोनं बाबांची खुर्ची टीव्हीसमोर आणून ठेवली होती, पाठीशी उशी, मांडीवर पंचा. तिनं काही विचारलं नाही. नुसता हात पुढे केला आणि डबी घेऊन खालीवर पाहिली. "एवढीशी?" म्हणाली. दोघं मिळून टीव्हीमागे वाकले, जळमटं काढली, एकमेकांच्या बोटांवर बोटं आपटली. बऱ्याच दिवसांत ती दोघं इतकी जवळ वाकली नव्हती. त्यानं शेपूट खोचलं. डबीत एक लाल ठिपका लागला. काळ्या पाटीवरचं ते उर्मट वाक्य थरथरलं, गेलं, निळं काहीतरी चमकलं, आणि—

"आलं!" बायको ओरडली. "बाबा, आलं बघा!"

पडदाभर एक बाईचा चेहरा होता. गोल, नीटनेटका, कुठल्याही घरात शोभेल आणि कुठेच आठवणार नाही असा. काय तो निर्बुद्ध प्रसन्नपणा! त्यानं बटण दाबलं. बाईनं एक श्वास घेतला, खांदे उचलले, आणि तोंड उघडलं. दात दिसले, जीभ दिसली, घशाचा काळोख सुद्धा दिसला.

शांतता.

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. हिरव्या रेघा भराभर चढत टोकाला गेल्या. बाईनं पुन्हा तोंड उघडलं, मोठं, उत्साही. पुन्हा काही नाही. बाहेर रस्त्यावर एक स्कूटर गेली ती ऐकू आली.

त्यानं डबी उलटी केली. खालच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, काय काय लिहिलेलं. तिच्या कडेला एक बारीक भोकही होतं, आवाजाची वायर वेगळी घालायचं. ती मिळालेली नव्हती. त्यानं मागितलेली नव्हती. निळ्या तोंडातून फक्त चित्र जातं, हे एखाद्याला विचारलं असतं तर कळलं असतं. चित्र येणार. नक्की? चित्र येणार म्हटलं ना. …आणि ते तोंडभर हसू! म्हणजे त्याला माहीत होतं. पाच माणसांसमोर स्वतःचं हसं करून घेतलं, निम्म्या किमतीला मान डोलावली, आणि बरोबर निम्मा माल दिला. हरामखोर. पण त्या शिवीत जोर येईना. उलट, आत कुठेतरी दाद देण्यासारखं काही हललं, आणि त्याचाच त्याला जास्त संताप आला.

लॅपटॉपचा स्वतःचा आवाज केव्हाच गेला होता. कानात घालायचे इअरफोन होते. ते बाबांनी पहिल्याच दिवशी डाव्या हातानं उपटून फेकले होते.

आता बायको म्हणेल – विचारलं नव्हतंस? त्यानं उत्तर तयार ठेवलं, धारदार. पण ती म्हणाली नाही. ती बाबांच्या शेजारी स्टुलावर बसली होती, पडद्याकडे पाहत. म्हणाली, "मग आपण म्हणू."

"काय म्हणू?"

"तिनं तोंड उघडलं की आपण म्हणायचं. त्यात काय?" आणि बाईनं तोंड उघडल्याबरोबर तिनं म्हटलं, स्वच्छ, संकोच न करता, "आऽ."

बाबांनी दचकून मान वळवली. पण ती उजवीकडे बसली होती. त्यांची नजर त्या बाजूला गेली आणि अर्ध्या वाटेत संपली. काळोखातून आलेला आवाज ते शोधत राहिले, समोरचं तोंड त्यांच्या हातून सुटलं, आणि कपाळावर एक भित्री आठी पडली. ही आठी त्यानं त्या कपाळावर कधी पाहिली नव्हती.

"माझा इथून उपयोग नाही," ती म्हणाली. "तू म्हण. तू डावीकडे आहेस. टीव्हीजवळ उभा राहा."

"मी?"

"मग कोण?"

तो टीव्हीजवळ उभा राहिला. हातांचं काय करावं ते कळेना म्हणून त्यानं डबीची वायर धरून ठेवली. केवढं हास्यास्पद! पन्नाशीचा माणूस, कंपनीत त्याच्या सहीला लोक टरकतात, आणि दिवाणखान्यात एका मुक्या बाईच्या शेजारी उभा राहून… बाईनं श्वास घेतला. खांदे उचलले. तोंड उघडलं.

"आ," तो म्हणाला.

पातळ आला आवाज. मघाशी तळघरात होता तो नव्हे. तो कुठून आला होता तिथंच परत गेला असावा. हा दुसराच, खरखरीत, मध्येच फाटलेला, बाकावर बसून पाय न पोचणाऱ्या कुणाचा तरी. बाबांची मान हळूहळू वळली. नजर आधी त्या मोठ्या तोंडावर, मग त्याच्यावर येऊन थांबली. तो वाट पाहू लागला. आयुष्यभर जिची सवय होती त्या नजरेची – 'पुढची वस्तू आणा' म्हणणाऱ्या. ती आली असती तर बरं झालं असतं. मग वायर गुंडाळता आली असती, बायकोला म्हणता आलं असतं, बघ, तुला म्हटलं नव्हतं? आणि सगळं पूर्वीसारखं, ओळखीचं झालं असतं.

"पुन्हा," बायको हळूच म्हणाली.

"आ."

बाबांचा डावा ओठ हलला. वर गेला, गालाला एक घडी पडली. तेवढंच. उजवी बाजू पडद्यासारखी लोंबत राहिली. तो पुढे झुकला. वाकून बघायचं, नुकसानीची जात ओळखायची, यात त्याचा हात कोणी धरला नसता. पण हे काय होतं? हा प्रयत्न होता की तेच हसू होतं, सुरकुतल्या कोटाच्या माणसाला पाहून डाव्या कोपऱ्यातून वर चढणारं? अर्ध्या चेहऱ्यावर दोन्ही सारखंच दिसत होतं. त्यानं डोळ्यांत पाहिलं. डोळे ओले होते, पण ते तर झटक्यापासून नेहमीच ओले असतात. डॉक्टर म्हणाले होते, त्याला काही अर्थ नसतो.

ते बोलायला हवेत का मला? – माहीत नाही. हे उत्तर सकाळी दाराशी देता आलं असतं, सोपं होतं. पण ते आता आलं, आणि त्याच्यामागून दुसरंच काहीतरी आलं, ज्याची त्याला कल्पना नव्हती. जन्मात कुणाला काही न विचारलेल्या त्याच्या जिभेवर एक प्रश्न येऊन बसला होता, पोरकट, लाज वाटावी असा – बाबा, बरोबर म्हटलं का मी? – आणि तो ना गिळता येत होता, ना बाहेर काढता येत होता. काहीतरी खवचट बोलावं, त्या गोल चेहऱ्याबद्दल, त्या शेठबद्दल, कुणाबद्दलही, म्हणजे हे जाईल. त्यानं शोधलं, नेहमी हाताशी असलेलं एकही वाक्य सापडेना.

बाबांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि खुर्चीच्या हातावर येऊन पडला, त्याच्याकडच्या बाजूला.

"आ," तो म्हणाला, आणि थांबला, आणि पुन्हा म्हणाला. पडद्यावरची बाई केव्हाच पुढच्या अक्षरावर गेली होती.